चांदी, निळी जेल आणि एक चिकट इतिहास

मोबाईलचा टॉर्च लावा, आरशासमोर उभे राहा आणि मोठ्ठा ‘आ’ करा. दाढेवर काळपट करड्या रंगाचा डाग दिसतोय? ती ‘चांदी’. तुम्ही विशीत-तिशीत असाल, तर स्वतःच्या तोंडापेक्षा आईबाबांच्या तोंडात ती सापडण्याची शक्यता जास्त. तुमची दाढ भरलेली असलीच, तर भरलेला भाग बहुधा दाताच्याच रंगाचा असेल आणि मुद्दाम शोधावा लागेल.

हा फरक दिसण्यापुरता आहे असं आपल्याला वाटतं. जुनं काळं, नवं पांढरं, इतकंच. खरा फरक वेगळाच आहे. चांदी दाताला चिकटत नाही. ती दातात अडकवून ठेवावी लागते. पांढरं फिलिंग, म्हणजे काचेची बारीक पूड मिसळलेलं रेझिन, दाताला चिकटतं. आणि अडकवायचं की चिकटवायचं, यावर एक फार महत्त्वाची गोष्ट ठरते: कीड काढून झाल्यावर डॉक्टरांनी तुमचा आणखी किती चांगला दात कापायचा.

अलीकडे दाढ भरून घेतली असेल, तर खुर्चीतला क्रम आठवून पाहा. ड्रिल थांबतं. सिरिंजमधून एक निळी जेल दातावर पसरतात. पंधरा-वीस सेकंदांनी ती पाण्याने धुतात. हवेचा हलका फवारा मारतात, पण दात अगदी खडखडीत कोरडा करत नाहीत. मग इवल्याशा ब्रशने एक पातळ द्रव दातावर चोळतात. निळा दिवा लावतात. त्यानंतर कुठे खरं भरणं सुरू होतं. (काही दवाखान्यांत यातल्या एक-दोन पायऱ्या गाळतात, त्याचं कारण पुढे येईल.)

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दंतवैद्यकाशी माझा संबंध खुर्चीत आडवं होण्यापुरता. पण आमच्याकडे ‘गिट ब्लेम’ नावाची एक कमांड असते. कोडमधली कुठलीही ओळ कोणी आणि कधी लिहिली, ते ती सांगते. नाव भांडखोर आहे, उपयोग मात्र चांगला. ‘ही विचित्र ओळ इथे का आहे?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा ती कधी आली यात दडलेलं असतं. खुर्चीतल्या या पाच मिनिटांच्या विधीला मी तीच कमांड लावून पाहिली. प्रत्येक पायरी वेगळ्या दशकातली निघाली, काही वेगळ्या देशांतल्या निघाल्या, आणि बऱ्याच पायऱ्यांकडे आधी कित्येक वर्षं लोकांनी पाठ फिरवली होती. मोठ्या झेपा नवा जालीम गोंद सापडल्यामुळे आल्या असतील, असा माझा अंदाज होता. इतिहास वेगळं सांगतो. गोंद ज्याला लावायचा तो दात कसा आहे, हे कळत गेलं तसतसं फिलिंग चिकटत गेलं.

लोट्याच्या आकाराचा खड्डा

आधी चांदीबद्दल. तिचं खरं नाव अमलगम. चांदी, कथील आणि तांबं यांच्या मिश्रधातूची पूड पाऱ्यात कालवायची. वजनाने साधारण निम्मा पारा असतो. कालवल्यावर थोडा वेळ ते दाबून बसवण्याइतकं मऊ राहतं, मग घट्ट होतं. स्वस्त, टिकाऊ, आणि तोंडातल्या थोड्याफार ओलाव्यालाही न घाबरणारं. अडचण एकच: दाताशी त्याचं काही नातं जुळत नाही.

म्हणून खड्ड्यालाच असा आकार द्यायचा की भरलेलं बाहेर पडणार नाही. तोंडाशी अरुंद, आत रुंद. लोट्यात थिजलेलं तूप लोटा उलटा केला तरी पडत नाही, तसं. शिवाय अमलगमचा पातळ थर दाबाखाली मोडतो, त्यामुळे खड्डा पुरेसा खोलही हवा. कीड ज्वारीच्या दाण्याएवढी असली, तरी लोटा लोट्याच्या मापाचाच करावा लागतो.

या कामाला शिस्त लावली ती अमेरिकेतल्या ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांनी. १९०८ साली आलेला त्यांचा दंतशल्यावरचा ग्रंथ पुढच्या कित्येक पिढ्यांनी प्रमाण मानला. खड्ड्यांचे प्रकार, त्यांच्या भिंतींचे कोन, हत्यारांची मापं, सगळं त्यांनी नेमून दिलं. त्यांचं एक सूत्र प्रसिद्ध आहे: पुढची कीड टाळायची असेल तर खड्डा आधीच वाढवा. दाढेवरच्या ज्या खाचांमध्ये अन्न अडकतं, त्या आज निरोगी असल्या तरी फिलिंगमध्ये घेऊन टाका, म्हणजे उद्या तिथे कीड लागायला जागाच उरणार नाही.

आज हे क्रूर वाटतं. पण तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती, आणि फिलिंगच्या कडेला पुन्हा कीड लागणं हा रोजचा अनुभव होता. हातात जे साहित्य होतं त्याच्या मर्यादेत ब्लॅक यांचं सूत्र शहाणपणाचंच होतं. किंमत मात्र दात मोजत होता. फिलिंग बदलायची वेळ आली की खड्डा आणखी थोडा मोठा होई. माझ्या आईच्या एका दाढेने हा सगळा प्रवास केलाय. आधी लहान चांदी, मग मोठी चांदी, मग जेवताना दाढेचा एक कोपरा तुटला, मग रूट कॅनाल, मग वर टोपी. यात कोणाची चूक काढता येत नाही. न चिकटणाऱ्या गोष्टीवर उभारलेल्या पद्धतीचा तो सरळ परिणाम होता.

रंगाऱ्याची युक्ती

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत एक वेगळा पर्याय तयार झाला. खोलीच्या तापमानालाच आपोआप घट्ट होणारं अॅक्रिलिक. विमानाच्या खिडक्यांना वापरतात त्याच कुळातलं प्लास्टिक. युद्धानंतर ते इतर देशांतल्या दंतवैद्यांकडे पोचलं. दाताच्या रंगाचं, काही मिनिटांत कडक होणारं. समोरच्या दातांसाठी हे म्हणजे वरदान वाटलं.

ते फार काळ वाटलं नाही. अॅक्रिलिक कडक होताना साधारण ७ टक्के आक्रसतं. तापमान बदललं की ते दाताच्या सात-आठ पट फुगतं आणि आकसतं. १९५२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या नेल्सन, वोलकॉट आणि पॅफेनबार्गर यांनी याचा परिणाम डोळ्यांना दिसेल असा दाखवला. भरलेला दात थंड करून मग त्याला ऊब दिली, की फिलिंगच्या कडेतून द्रवाचे थेंब बाहेर येत. म्हणजे प्रत्येक आइस्क्रीम आणि प्रत्येक चहाबरोबर दात आणि फिलिंगमधल्या फटीत एक छोटा पंप चालू होता. लाळ आत, लाळ बाहेर. सोबत जिवाणू आणि साखर.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष फिलिंगच्या साहित्यावर होतं. ते कमी आक्रसणारं कसं करता येईल? न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी, कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दंतदवाखान्यात मायकल बुओनोकोर काम करत. ते दंतवैद्य होते आणि रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी दुसऱ्या बाजूने विचार केला. साहित्याला हात न लावता दाताचा पृष्ठभाग बदलला तर?

युक्ती त्यांना दंतवैद्यकाबाहेर मिळाली. धातूवर रंग किंवा रेझिनचा थर नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. आपल्याकडचा रंगारीही गुळगुळीत दारावर थेट रंग मारत नाही, आधी पॉलिशपेपरने घासतो. तेच इथे, फक्त रसायनाने. बुओनोकोर यांनी ८५ टक्के तीव्रतेचं फॉस्फोरिक आम्ल दाताच्या इनॅमलवर ३० सेकंद लावलं, धुतलं, दात वाळवला आणि वर अॅक्रिलिकचा थेंब ठेवला. प्रयोग माणसांच्या समोरच्या दातांवर केला. आम्ल न लावलेल्या दातांवरचे थेंब काही तासांत गळून पडले. आम्ल लावलेले थेंब कित्येक आठवडे टिकले.

१९५५ साली छापलेला हा शोधनिबंध जेमतेम पाच पानांचा आहे. त्याच्या शीर्षकातच पद्धतीला ‘सोपी’ म्हटलंय. निळ्या जेलवर कमांड चालवली की हे नाव आणि हे साल येतं. जेल म्हणजे तेच फॉस्फोरिक आम्ल. आता तीव्रता ३५-३७ टक्क्यांवर आलीय, कारण पुढच्या संशोधनात दिसलं की ३० ते ४० टक्क्यांच्या पट्ट्यात पृष्ठभाग चिकटण्यासाठी सगळ्यांत चांगला तयार होतो. आणि रंग निळा, म्हणजे कुठे लावलंय आणि कुठून धुवायचं राहिलंय ते दिसावं.

सोपी गोष्ट, लांबलेली वाट

इतकं साधं उत्तर मिळाल्यावर काय झालं? दहा-बारा वर्षं फारसं काहीच नाही.

कारणं समजण्यासारखी आहेत. दात किडतो म्हणजे काय होतं? जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि ते आम्ल इनॅमल विरघळवतं. दंतवैद्याची सगळी हयात दाताला आम्लापासून वाचवण्यात जाते, आणि इथे एक गृहस्थ सांगतायत की निरोगी इनॅमलवर स्वतःच्या हाताने आम्ल ओता. गंमत अशी, की फॉस्फोरिक आम्ल दवाखान्यात नवीन नव्हतंच. टोपी बसवायला लागणारं झिंक फॉस्फेट सिमेंट ज्या द्रवात कालवतात, तो याच आम्लाचा. बाटली वर्षानुवर्षं फडताळात उभी होती.

दुसरं कारण अॅक्रिलिकच. वाईट साहित्य आणखी घट्ट चिकटवून करायचं काय? चांगलं साहित्य दुसरीकडे, वेगळ्या वाटेने घडत होतं. राफेल बोवेन हे दंतवैद्य १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच राष्ट्रीय मानक संस्थेत नवं रेझिन बनवत होते. त्यांचं पेटंट १९६२ चं. त्यांनी मोठ्या रेणूंचं रेझिन घेतलं, बिस-जीएमए. रेणू मोठे, म्हणून आक्रसणं कमी. त्यात भरपूर सिलिकाची पूड मिसळली, आणि मिसळण्याआधी प्रत्येक कणाला सिलेन नावाच्या रसायनाचा हात फिरवला. या रेणूचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनला. आजचं पांढरं फिलिंग याच कल्पनेवर उभं आहे.

म्हणजे साठच्या दशकात पृष्ठभाग तयार करायची रीत होती आणि त्यावर लावायचं चांगलं साहित्यही होतं, पण दोघांची गाठ पडलेली नव्हती. दोन टीमनी दोन उत्तम मॉड्यूल लिहायची आणि एकमेकांचं डॉक्युमेंटेशन वाचायचं नाही, हे मी ऑफिसात आठवड्याला एकदा तरी बघतो. त्यामुळे मला या भागाचं आश्चर्य वाटलं नाही.

आम्लाने नेमकं काय होतं हे १९६७-६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. ग्विनेट, मात्सुई आणि बुओनोकोर यांच्या कामातून कळलं की रेझिन इनॅमलच्या आत शिरतं. दात विरघळवून टाकला तर मागे उरलेल्या रेझिनच्या पृष्ठभागावर ब्रशच्या केसांसारखे असंख्य बारीक धागे उभे दिसतात. इनॅमल हे केसाहून कितीतरी बारीक खनिज दांड्यांचं बनलेलं असतं. आम्ल त्यांचे काही भाग लवकर विरघळवतं, काही उशिरा, आणि काही हजारांश मिलिमीटर खोल अशा खाचांचं रान तयार होतं. पातळ रेझिन त्यात झिरपतं आणि तिथेच घट्ट होतं.

थोडं थांबून हे पुन्हा वाचण्यासारखं आहे. रेझिनही शेवटी अडकूनच बसलं! ब्लॅक यांचा लोटा गेला नाही. तो लक्षावधी अदृश्य लोट्यांत वाटला गेला, आणि तो कोरायला ड्रिल लागेनासं झालं. इनॅमलशी असा सांधा साधारण २० मेगापास्कल ताकदीचा होतो. साध्या भाषेत, एका चौरस मिलिमीटरवर दोन किलो वजन टांगलं तरी तो धरून ठेवतो.

याचा सगळ्यांत सुंदर उपयोग ड्रिल न लावता झाला. १९६७ सालीच कुएटो आणि बुओनोकोर यांनी मुलांच्या दाढांवरच्या खोल खाचा चिकट थराने बंद करून कीड लागण्याआधीच रोखता येते हे दाखवलं. ब्लॅक यांनी त्याच खाचा कापून काढायला सांगितल्या होत्या. उद्देश दोघांचा एकच, मधे फक्त एका गोंदाचं अंतर. १९७० पर्यंत बुओनोकोर यांनी हा थर अतिनील प्रकाशाने घट्ट करायची सोयही करून दाखवली. अतिनील किरणांची जागा पुढे दिसणाऱ्या निळ्या प्रकाशाने घेतली. खुर्चीतला निळा दिवा इथून आलाय.

इनॅमलच्या खाली वेगळंच गाव आहे

इथवर सगळं इनॅमलबद्दल होतं. ते वजनाने ९६ टक्के खनिज, जवळजवळ दगडच. पण कीड सहसा त्याखालच्या डेंटिनपर्यंत पोचलेली असते आणि डेंटिनचा स्वभाव अगदी निराळा. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, उरलेलं कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या, थेट आतल्या जिवंत गाभ्यापर्यंत गेलेल्या, द्रवाने भरलेल्या. थंड पाणी लागल्यावर कळ येते ती या नळ्यांतला द्रव हलल्यामुळे. आणि रेझिनला पाणी आवडत नाही. बुओनोकोर यांनी १९५६ मध्ये डेंटिनवरही प्रयत्न केला होता. पाण्यात तो सांधा टिकला नाही.

पुढची वीसेक वर्षं वेगवेगळी रसायनं आली आणि गेली. एक कारण १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं. ड्रिल केलेल्या दातावर भुकटीचा एक पातळ लेप बसलेला असतो, करवत चालवल्यावर लाकडावर भुसा बसावा तसा. तो पाण्याने धुऊन जात नाही. गोंद या भुशाला चिकटत होता आणि भुसा दातावर सैल बसलेला होता. गोंद कितीही सुधारला तरी सांधा भुशाएवढाच मजबूत राहणार.

मग भुसा आम्लाने काढून टाका. हे सुचायला अवघड नव्हतं, मान्य व्हायला होतं. डेंटिनवर आम्ल लावलं तर ते नळ्यांतून गाभ्यापर्यंत जाईल आणि दात मरेल, असं अमेरिका-युरोपात शिकवलं जाई. तोकियोतले प्राध्यापक ताकाओ फुसायामा यांना ते पटलं नाही. त्यांच्या गटाने १९७९ मध्ये इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर एकदमच फॉस्फोरिक आम्ल लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जपानमध्ये ती रुळली. पश्चिमेत मात्र सर्वमान्य व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

खरं तर भीती दूर करणारा एक पुरावा आधीपासून छापलेला होता. १९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेरल्ड यांनी उंदरांच्या दाढांना गाभ्यापर्यंत भोक पाडून उघडं ठेवलं. साध्या उंदरांचे गाभे सडले. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांनी मात्र भोकावर स्वतःहून नवा थर धरला आणि गाभा जिवंत राहिला. शत्रू जिवाणू आहेत. म्हणजे दात मरतो तो मुख्यतः कडेच्या फटीतून आत शिरणाऱ्या जंतूंमुळे, आणि फट बंद करणारी पद्धत दाताला वाचवणारी आहे. ज्या आम्लावर आरोप होता, तेच नीट वापरलं तर बचावाच्या बाजूने उभं राहत होतं.

चिकटतं म्हणजे नेमकं काय होतं, याचं उत्तरही तोकियोतूनच आलं. १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आम्लाने वरच्या थरातलं खनिज निघून गेलं की मागे कोलॅजनची जाळी उरते. योग्य रेझिन त्या जाळीत शिरून तिथेच घट्ट झालं, तर मधे एक तिसराच थर तयार होतो. धड दात नाही, धड प्लास्टिक नाही. नंतर त्याला ‘हायब्रिड लेयर’ म्हणू लागले. आम्लात बुडवल्यावर शेजारचा दात विरघळला तरी हा थर शाबूत राहिला. काही हजारांश मिलिमीटर जाडीच्या या पट्ट्यावर तुमचं फिलिंग टिकून असतं. ब्रशने द्रव चोळतात तो या जाळीत नीट झिरपावा म्हणून.

एक कोडं तरी राहिलंच. तीच पद्धत, तेच साहित्य, पण कुणाचे सांधे घट्ट, कुणाचे सुटणारे. जॉन कांका हे अमेरिकेतले दंतवैद्य. त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सांगितलेलं कारण ऐकून अनेकांना धक्का बसला असणार: तुम्ही दात फार कोरडा करताय. इनॅमलवर कोरडेपणा चांगला, म्हणून सगळे डेंटिनही हवेने खडखडीत वाळवत. पण खनिज गेलेली कोलॅजनची जाळी पाण्याच्या आधाराने तरंगत असते. पाणी गेलं की ती बसते. शिजलेल्या शेवयांतलं पाणी आटलं की त्यांचा गोळा होतो आणि मग त्यात काही मुरत नाही, तसं. दात किंचित ओलसर ठेवला, तर जाळी उघडी राहते आणि रेझिन आत शिरतं. डॉक्टर हवा हलकीच मारतात त्या ओळीवर १९९२ सालची सही आहे.

आता ही साखळी एकत्र पाहा. आधी वाटलं, पृष्ठभाग जपायला हवा. मग कळलं, खरखरीत करायला हवा. वाटलं, आतल्या भागाला आम्ल लागता कामा नये. कळलं, लागायला हवं. वाटलं, कोरडा हवा. कळलं, ओलसर हवा. प्रत्येक वेळी बदलली ती दाताबद्दलची एक ठाम समजूत.

फॉस्फेटचं शेपूट

गोंदानेही आपला वाटा उचलला, पण त्याची गोष्ट १९५५ च्याही आधी सुरू होते. ऑस्कर हॅगर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दोन तोंडांचा एक रेणू पुढे आणला. एका बाजूला दाताला धरणारा फॉस्फेटचा गट, दुसऱ्या बाजूला रेझिनशी जोडला जाणारा गट. १९५२ मध्ये लंडनच्या क्रेमर आणि मॅक्लीन यांना हे साहित्य वापरलेल्या दातात, डेंटिनच्या काठावर, वेगळा रंग घेणारा एक पट्टा दिसला. मागे वळून बघताना तो हायब्रिड लेयरचा पहिला फोटो म्हणता येईल. नाकाबायाशींच्या तीस वर्षं आधीचा.

तीच कल्पना जपानमध्ये परत आली. कुरारे ही मुळात कृत्रिम धाग्यांची कंपनी. तिच्या रसायनतज्ज्ञांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एमडीपी नावाचा रेणू बनवला. दहा कार्बनची लांब साखळी, एका टोकाला फॉस्फेट. हा फॉस्फेट दातातल्या कॅल्शियमशी खराखुरा रासायनिक बंध करतो, आणि तो मीठ पाण्यात सहज विरघळत नाही, हे २००४ मध्ये योशिदा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. इथे पहिल्यांदा ‘चिकटणं’ हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने लागू झाला. असे रेणू स्वतःच सौम्य आम्ल असल्याने डेंटिनवर वेगळी जेल लावायची गरज उरत नाही. काही डॉक्टर निळी जेल फक्त इनॅमलच्या कडेला लावतात किंवा गाळतात, ते या कारणाने. २०१० नंतर इतर कंपन्यांच्या बाटल्यांतही एमडीपी आलं.

सांधा जुना होतो

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान गोड झाली असती. पण २००० साली जपानमधल्या हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग छापला. मुलांच्या दुधाच्या दाढांमध्ये रेझिन चिकटवलं आणि त्या दाढा पडायच्या वयाला हाती आल्यावर तपासल्या. एक ते तीन वर्षांत सांध्याची ताकद लक्षणीय घटलेली होती. प्रयोगशाळेच्या पाण्यात नव्हे, खऱ्या तोंडात.

२००४ मध्ये पॅशली आणि सहकाऱ्यांनी यामागचं एक कारण पुढे आणलं. दात घडताना डेंटिनमध्ये काही विकरं बंद होऊन राहिलेली असतात. आम्ल त्यांना जागं करतं. जाळीचा जो भाग रेझिनने भरला नाही, तो ही विकरं हळूहळू खातात. म्हणजे सांध्याला बाहेरून जिवाणू पोखरतात आणि आतून आपलंच शरीर. त्यावर उपाय म्हणून क्लोरहेक्सिडीनसारखी विकरं रोखणारी औषधं तपासली गेली. काम अजून चालू आहे.

हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता नाही. पाऱ्याच्या प्रदूषणावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातांत अमलगम भरणं जवळपास बंद केलं. चांदी जाणार, आणि पर्यावरणासाठी ते योग्यच आहे. पण चांदीचा एक गुण आपण विसरतो: ती माफ करायची. घाईत भरली, थोडी लाळ लागली, तरी अनेक वर्षं टिकायची. रेझिन माफ करत नाही. त्याला कोरडी जागा हवी, वीज हवी, दिवा हवा आणि प्रत्येक पायरीला तिचा वेळ हवा. बाहेर लांब रांग असलेल्या सरकारी दवाखान्यात हे सगळं जमवणं सोपं नाही. तिथे ग्लास आयोनोमर सिमेंट कामी येतं. विल्सन आणि केंट यांनी ते १९७२ मध्ये लंडनमध्ये जगापुढे आणलं. ते दाताला स्वतःहून रासायनिकरीत्या चिकटतं, पण चावण्याच्या जोरापुढे रेझिनइतकं टिकत नाही. सगळं एकत्र देणारं साहित्य आज तरी नाही.

तरी हिशोब मांडला तर एक गोष्ट शिल्लक राहते आणि ती मोठी आहे. आज लहान कीड लहान खड्ड्यात निभावते. फिलिंगची कड खराब झाली तर अनेकदा तेवढाच भाग काढून वर नवीन रेझिन जोडता येतं, सगळं उकरावं लागत नाही. सांधा कायमचा नसला, तरी तो सुटल्यावर खाली दुरुस्त करण्याइतका दात उरलेला असतो. ब्लॅक यांच्या काळात नेमकं तेच परवडत नव्हतं.

राहता राहिली या विधीतली सगळ्यांत जुनी ओळ. काही डॉक्टर दाताभोवती रबराचा एक पातळ पडदा बसवतात, लाळ दूर ठेवायला. सॅनफर्ड बार्नम या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने तो १८६४ मध्ये पहिल्यांदा वापरला, रेझिन, अॅक्रिलिक यांतलं काहीच नव्हतं तेव्हा. आपल्याला तो गुदमरल्यासारखा वाटतो आणि ‘डॉक्टर, हे नको ना’ असं आपण हाताच्या खुणेने सांगतो. पण जेल धुतल्यापासून निळा दिवा लागेपर्यंतच्या त्या मिनिटभरात तयार केलेल्या पृष्ठभागावर लाळेचा एक थेंब पडला, तरी बुओनोकोर ते योशिदा सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं. तेवढा वेळ जीभ आवरून धरणं हे या इतिहासातलं आपल्या वाट्याचं काम.